गल्लीतल्या ओसाड कोपऱ्यात खेळ परत कसा आणायचा

आमच्या वसाहतीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. चाळीस पावलं लांब, पंचवीस पावलं रुंद. दोन झोपाळे, पत्र्याची घसरगुंडी, एक सीसॉ, भोवती लोखंडी जाळी आणि फाटकावर पाटी : 'बॉल खेळण्यास सक्त मनाई'. वर्षानुवर्षं तिथे फारसं कुणी फिरकायचं नाही. मग शेजारच्या इमारतीचं प्लास्टर निघालं आणि कंत्राटदाराने उरलेली वाळू जाळीच्या आत आणून टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे पंधरा-सोळा मुलं होती. कुणी घरून मोडकी गाळणी आणली, कुणी करवंट्या. एक छोटी मुलगी ओली वाळू पावलावर थापून पाय अलगद बाहेर काढत होती. आम्ही लहानपणी त्याला खोपा म्हणायचो. तिला ते कुणी शिकवलं कोण जाणे. बारा दिवसांनी ट्रक आला, वाळू गेली आणि जागा पुन्हा ओस पडली.

त्या बारा दिवसांनी माझा समज बदलला. खेळणी बसवली की मुलं येतील असं आपण धरून चालतो. मुलांना लागते ती हाताने बदलता येईल अशी वस्तू, सावली, जवळपास बसलेली घरची माणसं आणि आरडाओरडा करायची मुभा. पुढच्या तीन वर्षांत आम्ही काही घरांनी मिळून ती जागा नव्याने उभी केली. ज्या क्रमाने कामं करायला हवी होती, त्या क्रमाने ती इथे लिहितो आहे. प्रत्यक्षात आम्ही दोनदा क्रम चुकवला आणि दोन्ही वेळा एकेक वर्ष गेलं.

आधी आठ दिवस नुसतं बघा

एक वही घ्या. सकाळी सात, दुपारी चार, संध्याकाळी सहा आणि रात्री साडेआठ अशा चार वेळा जागेवर जाऊन दहा-दहा मिनिटं बसा. कोण आलं, अंदाजे वय काय, काय करत होतं आणि सावली कुठे पडली होती, एवढंच लिहा. रविवार धरून पूर्ण आठवडा करा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण पुढच्या प्रत्येक सभेत हीच वही तुमच्या बाजूने बोलते.

आमच्या वहीतून तीन गोष्टी निघाल्या. एप्रिलमध्ये दुपारी चारला मुलं घसरगुंडीच्या पत्र्यावर आधी बाटलीतलं पाणी ओतत होती, चर्र आवाज थांबला की मगच घसरत होती. आजोबा मंडळी आतल्या बाकांवर न बसता फाटकाबाहेर उभ्या केलेल्या स्कूटरींवर टेकत होती, कारण बाक उन्हात आणि सावली बाहेर. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. दहा वर्षांवरची एकही मुलगी आत नव्हती. त्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ओळीने बसून गप्पा मारत होत्या.

ही तिसरी गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. १९९० च्या दशकात व्हिएन्ना शहराने आपल्या बागांची पाहणी केली, तेव्हा नऊ-दहा वर्षांनंतर मुलींची संख्या एकदम घटते असं दिसलं. मधलं मोठं मैदान मोठी मुलं व्यापून टाकत आणि मुली मागे सरत. १९९९ मध्ये तिथे दोन बागा नव्याने मांडल्या गेल्या. पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनला जागा दिली, एका मोठ्या मैदानाचे झाडाझुडपांनी लहान भाग पाडले. मुली परत यायला लागल्या. आपल्या जागेतल्या टाकीच्या कठड्यावर कोण बसलंय, हे बघणं म्हणूनच महत्त्वाचं.

जागा कोणाची, हे कागदावर आणा

इथे बहुतेक गट अडकतात. 'ती महापालिकेची आहे', 'नाही, बिल्डरची आहे' अशी चर्चा दहा-दहा वर्षं चालते.

पहिला कागद म्हणजे तुमच्या वसाहतीचं मंजूर रेखांकन, म्हणजे लेआउट. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचं रेखांकन करताना १० टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. जुन्या वसाहतींमध्येही त्या-त्या वेळच्या नियमांनुसार अशी जागा सोडलेली असते. नकाशावर ती 'ओपन स्पेस' म्हणून दाखवलेली सापडेल. दुसरा कागद मिळकत पत्रिका किंवा सातबारा. तिसरा, शहराच्या विकास आराखड्याचा भाग नकाशा. तुमच्या भागात बाग किंवा क्रीडांगणाचं आरक्षण आहे का, ते त्यावरून कळतं.

कागद सरळ मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न मोजके ठेवा : मंजूर रेखांकनाची प्रत, मोकळ्या जागेचं क्षेत्रफळ आणि ताबा कोणाकडे, गेल्या तीन वर्षांत तिच्या देखभालीवर झालेला खर्च. 'ही जागा विकसित का केली नाही' असं विचारू नका. 'का'ला उत्तर मिळत नाही, कागदाची प्रत मात्र मागता येते. आणि कुठलाही अर्ज दिला की शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

रेखांकनात मोकळी जागा निघालीच नाही, तर इतर कोपरे शोधा. माटुंग्याला उड्डाणपुलाखालच्या पट्ट्यात नागरिकांच्या पाठपुराव्यामुळे २०१६ मध्ये बाग झाली. तिची वळणदार वाट नर्मदेच्या प्रवाहावर बेतलेली आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद केला तेव्हा त्यावरच बाक आणि मुलांची खेळणी आली. ॲमस्टरडॅममध्ये आल्डो व्हॅन आयक या वास्तुरचनाकाराने १९४७ मध्ये एका चौकात वाळूचा हौद आणि साध्या नळ्यांच्या कमानी बसवल्या. पुढच्या तीसेक वर्षांत त्याने तसे सातशेहून जास्त कोपरे केले. त्यातले कितीतरी पडक्या घरांच्या रिकाम्या जागांवर, दोन इमारतींच्या फटीत होते.

विरोध करणाऱ्यांच्या घरी आधी जा

सभा बोलावण्याआधी हे करा. सभेत माणूस एकदा 'नाही' म्हणाला की त्याला ते धरून ठेवावं लागतं. घरी चहावर तोच माणूस आपली खरी अडचण सांगतो. आमच्याकडे सगळ्यात ठाम विरोध तळमजल्यावरच्या एका काकूंचा होता. त्यांच्याकडे गेल्यावर कळलं की त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले आहेत आणि दुपारी दोन ते चार हीच त्यांच्या झोपेची वेळ. आम्ही त्या वेळेत चेंडूचे खेळ बंद ठेवले, आणि काकांसाठी ते बंद आहेत हे मुलांना खरं कारण सांगून समजावलं. मुलांनी तो नियम आमच्यापेक्षा काटेकोर पाळला. पुढे पहिली वर्गणी त्याच काकूंनी दिली.

हरकती ठरलेल्या असतात : गाड्यांच्या काचा, आवाज, बाहेरची मुलं. काचांसाठी टेनिसचा बॉल, अंडरआर्म गोलंदाजी आणि गाड्यांच्या बाजूला जाळी. आवाजासाठी वेळा ठरवा. रात्री दहानंतर शांतता, यावर कुणाचंच दुमत नसतं. तिसऱ्या हरकतीवर मात्र मी झुकणार नाही. 'बाहेरची मुलं' म्हणजे बहुतेकदा आपल्याच इमारतीत कामाला येणाऱ्या बायकांची, वॉचमनची, इस्त्रीवाल्याची मुलं. जागा सार्वजनिक असेल तर ती त्यांचीही आहे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या.

आरोग्याचे मुद्दे सभेत थोडक्यात सांगा. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाच्या उजेडात बाहेर घालवलेल्या वेळेमुळे चष्मा लागण्याचं प्रमाण कमी होतं. तैवानने याच कारणासाठी शाळांमधून रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर ठेवण्याची मोहीम २०१० मध्ये सुरू केली. घरात नंबर वाढत चाललेला नातू असला की हा मुद्दा आजींना लगेच पटतो.

एक रविवार करून बघा

पैसे खर्च करण्याआधी तीन तासांचा प्रयोग करा. जागेवरच, किंवा जागा बंद असेल तर गल्लीत. गल्ली असेल तर वाहतूक पोलीस आणि प्रभाग कार्यालय दोन्हीकडे निदान तीन आठवडे आधी अर्ज द्या. रुग्णवाहिकेला वाट कशी मिळेल, ते अर्जातच लिहा. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन झाला, तेव्हा त्या रस्त्यावर मुलं खेळताना दिसली. एवढा गजबजलेला रस्ता मोकळा होऊ शकतो, तर तुमची गल्ली का नाही, असं अर्ज घेऊन जाताना सांगता येतं.

सामान अगदी थोडं : रंगीत खडू, जाड सुती दोर, सात चपट्या फरशांची लगोरी, पाच-सहा जुन्या चादरी, रिकामी खोकी, दोन बादल्या पाणी. पाळीपाळीने खेळ 'घेणारा' माणूस ठेवू नका. शिट्टी वाजवणारा मोठा माणूस आला की मुलं सूचनेची वाट बघत उभी राहतात. खडूने टिक्करचे चौकोन आखून द्या आणि बाजूला व्हा. आजी-आजोबांना मात्र आग्रहाने बोलवा. विषामृत, शिवणापाणी, डबा ऐसपैस, आट्यापाट्या यांचे नियम आज त्यांच्याकडेच शिल्लक आहेत. आमच्या पहिल्या रविवारी ७४ वर्षांच्या आजींनी सागरगोटे काढले, आणि टाकीच्या कठड्यावरच्या मुली पहिल्यांदा खाली उतरल्या.

खोक्यांकडे विशेष लक्ष द्या. कोपनहेगनमध्ये सोरेनसेन नावाच्या उद्यानरचनाकाराला दिसलं की त्याने केलेल्या सुबक बागांपेक्षा मुलांना बांधकामाच्या जागेवरचं सामान जास्त ओढून घेतं. त्यातून १९४३ मध्ये एम्ड्रुपला फळ्या, विटा, दोऱ्या अशा भंगारातून खेळायचं मैदान सुरू झालं. आमच्या वाळूच्या ढिगाची गोष्ट म्हणजे तेच.

मांडणी : इथे घाई नको

सावलीपासून सुरुवात करा. मुलं खेळतात त्या वेळी, चार ते सहा, ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं. म्हणून मोठी झाडं पश्चिमेच्या कडेला लावा. कडुनिंब आणि करंज दाट सावली देतात. जागा मोठी असेल तर एक वड हवाच. पारंब्या लोंबायला वीस-पंचवीस वर्षं लागतील, पण सूरपारंब्या खेळायच्या तर कुणीतरी आज तो लावायला हवा. चढायला पेरूसारखं झाड नाही : फांद्या खालून फुटतात, वाकतात पण सहसा तुटत नाहीत. गुलमोहराच्या आणि शेवग्याच्या फांद्या ठिसूळ, त्यांच्याखाली खेळाची जागा ठेवू नका. आधीची झाडं आड येत असतील तर मांडणी बदला. राज्यात शहरी भागांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

काही झाडं जागेत नकोतच. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी आपण सगळे खेळलो आहोत, पण त्या बिया अतिशय विषारी असतात. लाल कण्हेर, धोतरा, एरंड हेही काढून टाका.

मग कट्टा. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ पासून लोकांसाठी खुलं आहे. आत क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवर पोरं आणि भोवतीच्या कट्ट्यावर तीन पिढ्या, असं ते चित्र रोज संध्याकाळी दिसतं. बसणाऱ्या माणसांमुळे मैदान सुरक्षित राहतं, आणि खेळणाऱ्या मुलांमुळे बसणाऱ्यांना तिथे यावंसं वाटतं. आपल्या छोट्या जागेत कट्टा ४५ सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद पुरतो. तो एका सरळ रेषेत न बांधता दोन-तीन ठिकाणी वळवा, म्हणजे समोरासमोर बसता येतं. एक तुकडा मुलींच्या गप्पांसाठी थोडा आत ठेवा, पण झाडीने झाकू नका. सगळीकडून दिसणारी जागाच त्यांच्या आयांना चालते.

जमीन मातीची ठेवा. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटवर पडलं की गुडघे फुटतात, पावसाचं पाणी मुरत नाही आणि भोवरा टोचत नाही. कृत्रिम गवत दुपारी तव्यासारखं तापतं. लंगडी आणि खो-खोसाठी दाबलेला मुरूम उत्तम. खो-खोचं पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटर लागतं. तेवढी जागा नसली तर सहा पाट्यांचं छोटं मैदान आखा, मुलांना चालतं.

लहान आणि मोठ्या मुलांच्या मध्ये जाळी न घालता कट्टा किंवा झुडपांची ओळ घाला. फाटक चाकांच्या खुर्चीला आत जाता येईल इतकं, निदान ९० सेंटिमीटर मोकळं, आणि उंबरठ्याशिवाय असू द्या. पाण्याचा नळ हवाच. तो पायऱ्यांपासून लांब ठेवा, कारण नळाखाली चिखल होणार आणि मुलं त्यात खेळणार. ते होऊ द्या.

खेळणी सगळ्यात शेवटी

पत्रक बघून खेळणी निवडायला सगळ्यांना आवडतं, आणि पैसाही तिथेच संपतो. आमचं मत : पहिल्या वर्षी फक्त वाळूचा हौद, एक दोरांची चढण आणि जुने टायर.

वाळू निदान ३० सेंटिमीटर खोल, खाली खडीचा निचरा, मांजरं येऊ नयेत म्हणून रात्री वर जाळी. टायर अर्धे जमिनीत गाडा. लोखंडी तार बाहेर आलेला टायर घेऊ नका. प्रत्येक टायरला खालच्या बाजूने तीन-चार भोकं पाडा. पावसात त्यात पाणी साचलं तर डेंग्यूच्या डासांची पैदास तिथेच होते. बेंगळुरूच्या अँटहिल क्रिएशन्स या संस्थेने वापरलेल्या टायरमधून अशी मैदानं उभी केली आहेत. त्यांची छायाचित्रं सुताराला दाखवली की काम सोपं होतं.

विकतची खेळणी घेतलीत तर टेप घेऊन स्वतः मोजा. खेळण्यांसाठीचं युरोपीय मानक देशभरातले बरेच उत्पादक सांगतात. त्यातल्या या गोष्टी सामान्य माणसालाही तपासता येतात :

- मूल पडू शकतं अशी उंची ३ मीटरपेक्षा जास्त नको. माझ्या मते वसाहतीत २ मीटर पुष्कळ.
- खेळण्याभोवती निदान दीड मीटर मोकळी जागा, तिथे वाळू किंवा तसा मऊ थर.
- उंचावरच्या कठड्यात ९ ते २३ सेंटिमीटरची बंद फट नको. धड त्यातून जातं आणि डोकं अडकतं.
- झोपाळ्याच्या एका चौकटीत दोनच पाट्या, आणि झोपाळा धावण्याच्या वाटेपासून दूर, कडेला.
- घसरगुंडीच्या माथ्यावर ओढणी किंवा दोरी अडकेल अशी खाच किंवा उघडा बोल्ट नको.

घसरगुंडीचं तोंड उत्तरेला करा. आमची आधी पश्चिमेला होती. पाया उखडून ती फिरवायला दीड दिवस लागला, आणि पाण्याच्या बाटल्यांचं काम संपलं.

पैसा आणि अर्ज

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेतली जातात. तिथे राहत असाल तर दर वर्षी त्या अर्जाची तारीख चुकवू नका. इतरत्र नगरसेवक किंवा आमदार निधी, उद्यान विभागाची देखभालीची तरतूद, आणि वर्गणी. अर्ज एका पानाचा करा. आमचा असा होता :

'महोदय, सोबत जोडलेल्या मंजूर रेखांकनातील मोकळी जागा आमच्या भागातील मुले व ज्येष्ठ नागरिक वापरतात. सात दिवसांच्या नोंदी सोबत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ नुसार खेळ हा मुलांचा हक्क असून भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. पश्चिमेकडील कट्टा, मुरुमाची भर व पाण्याची जोडणी एवढे काम करून मिळावे. दैनंदिन देखभाल आम्ही करू.'

शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं, पण ते पाळायची तयारी असेल तरच लिहा. आणि 'जागा आम्हाला द्या, टर्फ करून तासाला भाडं घेऊ, देखभालीचा प्रश्न मिटेल' असा प्रस्ताव कधी ना कधी येईलच. तो नाकारा. भाडं सुरू झालं की खिशात पैसे नसलेलं मूल पहिल्या दिवशी बाहेर पडतं.

देखभाल

एका माणसावर टाकू नका. आमच्याकडे बारा घरं आहेत, प्रत्येकाकडे वर्षातला एक महिना. त्या महिन्यात दर शनिवारी वीस मिनिटं : झोपाळ्याच्या कड्या हाताने ओढून बघायच्या, बोल्ट पान्याने आवळायचे, वाळू पंज्याने ओढून काच किंवा खिळा काढायचा, टायर तपासायचे. जे दिसलं ते भिंतीवर लटकवलेल्या वहीत लिहायचं. काही मोडलं तर त्याच दिवशी दोर बांधून बंद करायचं, दुरुस्ती मग.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळी घरं एकत्र येतात. सुक्या फांद्या उतरवायच्या, चर मोकळे करायचे, वाळूवर ताडपत्री. मुरूम पावसात थोडा वाहून जातो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी दोन ब्रास नवा टाकून रोलर फिरवायचा. यंदा रोलरचं काम माझ्या महिन्यात आलं. मुलं सकाळी साडेसहालाच खडू घेऊन फाटकाशी उभी होती. ओला मुरूम बसेपर्यंत दोन दिवस आत जायचं नाही, असं त्यांना सांगावं लागलं.